उलट्या बाजूचं पान

साबेराला राग आला की तिचा हात हलका व्हायचा. सात वर्षांच्या नोकरीनं तिला हे शिकवलं होतं. टाइपरायटरवर स्टेन्सिलचा मेणकागद कापताना कळ जोरात बसली, की 'व'चं, 'ब'चं पोट गळून पडतं आणि छापताना तिथे नुसता शाईचा ठिपका उमटतो. जळगावच्या टायपिंग इन्स्टिट्यूटमधल्या बाकीच्या मुली राग यंत्रावर काढायच्या. साबेरा रागावली की यंत्राला जपायची. त्यामुळे तिला किती राग येतो, हे बरीच वर्षं कुणाला कळलंच नाही.

आडनाव पिंजारी, पण कापूस पिंजणं आजोबांबरोबरच संपलं होतं. वडील चांदभाई साड्यांवर जरीचं भरतकाम करायचे. ओसरीत लाकडी चौकट, चौकटीत ताणलेलं कापड आणि कापडावर वाकलेली अब्बांची पाठ, हे तिनं जन्मापासून पाहिलेलं.

एकोणनव्वदच्या उन्हाळ्यात लीलाधर सर हस्तलिखिताची पानं घेऊन इन्स्टिट्यूटमध्ये आले. ते तंत्रशिक्षणाच्या कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकवायचे. सोबत झुलाल होता, पाइपच्या कारखान्यातला वायरमन, मूळचा धुळ्याकडचा. दोघांनी मिळून एका पट्टीवर, म्हणजे सर्किट बोर्डवर, छोटा संगणक जोडला होता. त्याला पडदा नव्हता. सहा लाल आकडे आणि वीस-बावीस बटणं, एवढाच त्याचा संसार. पुण्या-मुंबईच्या कचेऱ्यांत तेव्हा पडद्याची यंत्रं आली होती आणि हे त्यांच्यापुढे जुनं खेळणं होतं. पण याची एकूण एक तार हातानं लावलेली, म्हणून समजलेली. चोपड्याच्या, भडगावच्या कुणालाही हा घरी जोडता यावा, अशी मराठीत पुस्तिका करायची, सायक्लोस्टाइलवर छापायची, असा बेत होता.

पहिली चार पानं टाइप करून झाल्यावर साबेरानं विचारलं, "सर, 'जमिनीची तार' म्हणजे जमिनीत पुरायची का?"

सर हसले. झुलाल हसला नाही.

"सर, आपुन दोन्ही जन शिकेल शेत," तो म्हणाला. "आपले बठ्ठं समजस. हाई पुस्तक ज्याले काहीच समजत नही त्याना साठे शे ना? मग हाई बहीनले जोडू द्या. तिले जमनं तरच पान पास."

तसा नियम ठरला. सर लिहिणार, झुलाल पारखणार आणि साबेरा लिहिलेलं वाचून जोडणार. तिचा हात जिथे अडेल तिथे पान परत. रोज पाच वाजता वर्ग सुटला की मागच्या खोलीत ती पट्टी घेऊन बसायची. 'जमिनीची तार' हे पान तिनं तीनदा परत केलं, संगणकाच्या स्मृतीतल्या जागेचा 'पत्ता म्हणजे काय' हे पाचदा. शेवटी सर वैतागून म्हणाले, "मग तूच लिही." तिनं लिहिलं: पोस्टमनला घराशी देणंघेणं नसतं, तो फक्त नंबर वाचतो. ते पान पास झालं. पुस्तिकेतली अशी नऊ पानं तिच्या हातची होती.

आणि एक दिवस तिनं आयसी जाळली.

चाळीस पायांची ती काळी चिप मुंबईहून मागवलेली, संगणकाचं काळीजच. सरांच्या आकृतीत पाच व्होल्टची तार वर उजवीकडच्या पायाला होती. साबेरानं पट्टी उलटी केली, कारण सोल्डर मागूनच करायचं असतं, आणि वर उजवीकडच्या पायाला तार जोडली. वीज लावली. आकडे उमटले नाहीत. चिपवर बोट ठेवलं तर चटका बसला.

"अगं, पट्टी उलटली की उजवं डावीकडे जातं!" सर म्हणाले. "हे कोणालाही कळतं."

"कोणालाही म्हणजे कोणाला?" साबेरानं विचारलं.

सरांनी जळालेली आयसी उचलून खिशात टाकली. साबेरा घरी गेली ती ओठ मिटून. ओसरीत अब्बा खाका टाकत होते. खाका म्हणजे सुईनं टोचलेला नक्षीचा कागद. तो कापडावर ठेवून वरून नीळ आणि रॉकेलची चिंधी फिरवली, की भोकाभोकातून नक्षी खाली उतरते. पदराच्या डाव्या कोपऱ्यातली कोयरी झाली, की अब्बा तोच कागद पालथा घालून उजव्या कोपऱ्यातली उतरवायचे. नक्षी एकच, दोन तोंडांची.

साबेरा उभीच राहिली. तिच्या हातातलं स्टेन्सिल म्हणजे तरी दुसरं काय होतं?

दुसऱ्या दिवशी तिनं आकृतीचं स्टेन्सिल कोरलं, सायक्लोस्टाइलच्या चौकटीवर लावलं, रूळ फिरवून एक पान छापलं. मग तेच स्टेन्सिल पालथं घातलं आणि दुसरं छापलं. अकरावं पान पट्टीच्या पुढच्या बाजूचं, बारावं मागच्या. आता वाचणाऱ्यानं मनात काही उलटवायचं कारण नव्हतं. सोल्डर करताना बारावं पान समोर ठेवायचं, जसं दिसेल तसं जोडायचं. नवी आयसी आली, तिनं जोडली, आणि सहाही लाल आकडे लागले. झुलालनं शर्टाच्या बाहीनं डोळे पुसले आणि म्हणाला, "धूर गया व्हई डोयास्मा." धूर कुठेच नव्हता.

पावसाळा संपता संपता शेवटचे दोन कागद आले, मुखपृष्ठ आणि प्रस्तावना. साबेरा स्टेन्सिल चढवून बसली. 'आपला संगणक आपणच जोडा. लेखक : प्रा. लीलाधर व श्री. झुलाल.' तिनं कागद पालटला. प्रस्तावनेत शेवटून दुसरं वाक्य होतं : 'ही पुस्तिका इतकी सोपी आहे की आमच्या टंकलेखिकेलाही त्यावरून यंत्र जोडता आलं. सुबक टंकलेखनासाठी तिचे आभार.'

तिनं ते वाक्य तीनदा वाचलं. 'आमच्या टंकलेखिकेलाही.' तिनं तो 'ही' बोटानं झाकून पाहिला. पुस्तिका सोपी होती म्हणून तिला जमलं नव्हतं. तिला जमेना, ती अडली, तिनं पानामागून पान परत पाठवलं, म्हणून पुस्तिका सोपी झाली होती.

सर झुलालला घेऊन आले तेव्हा तिनं सरळच विचारलं. "लेखकांत माझं नाव का नाही?"

"नावाचं काय एवढं, साबेरा? आभारात आहेस ना."

"आभारात नावही नाही. टंकलेखिका आहे."

"बरं, नाव घालू आभारात. हे बघ, प्राचार्य प्रकाशन करणार आहेत. मुखपृष्ठावर टायपिस्टचं नाव असलेलं पुस्तक मी आजवर पाहिलेलं नाही."

साबेरानं झुलालकडे पाहिलं. झुलाल खिडकीतून बाहेर रिक्षांकडे बघत होता.

"झुलालभाऊ, तुम्ही तरी बोला."

"मी काय बोलू, बहीन? मनंच नाव त्यास्नी कसंबसं धरं."

ज्याचं स्वतःचंच नाव कसंबसं आलेलं, तो तिच्यासाठी काय बोलणार? एवढं पुरे होतं. ओरडावं, कागद फाडावेत असं तिला वाटलं नाही असं नाही. पण तिनं स्टेन्सिलांच्या गठ्ठ्यातून एकच मेणकागद उचलला, अकरा आणि बारा या दोन्ही पानांचा. वर्तमानपत्रात गुंडाळून पिशवीत घातला.

"हे माझं आहे. बाकीची नऊ पानंही माझीच आहेत, पण ती तुमच्या अक्षरात उतरवून घेतलीत. हे मात्र माझ्या हातानं कोरलंय. लेखकांत नाव येईल तेव्हा मागा."

"राहू दे," सर म्हणाले. "एका पानावाचून काही अडत नाही. आकृती मी परत काढतो."

त्यांनी काढली. एकच, पुढच्या बाजूची. प्रकाशन झालं, हार-नारळ झाले. धुळ्याच्या विज्ञान प्रदर्शनात तर पुस्तिका हातोहात गेली. साबेराला आमंत्रण नव्हतं. ती त्या दिवशी इन्स्टिट्यूटमध्ये बसून कुठल्या तरी शाळेची प्रश्नपत्रिका स्टेन्सिलवर टाइप करत होती आणि एकाही अक्षराचं पोट फाटलं नाही.

दिवाळीनंतर झुलाल तिच्या घरी आला. अंगणातूनच म्हणाला, "बहीन, मी तोंड दखाडालायक नही शे. पन हाई वाच." त्याच्याकडे अकरा पत्रं होती, सरांच्या पत्त्यावर आलेली. चोपड्याच्या एका शाळामास्तरांची आयसी जळाली होती. भडगावात विजेच्या मोटारींत तार भरणाऱ्या वना नावाच्या माणसाच्या दोन जळाल्या होत्या. त्यानं लिहिलं होतं, 'आकृतीप्रमाणे तंतोतंत केले. आम्ही अडाणी, आमचेच चुकत असणार.'

"सर काय म्हणाले?"

"सर म्हनतस, लोकेस्ले वाचता येत नही."

साबेराचा चेहरा लाल झाला. आतापर्यंतचा राग तिचा एकटीचा होता. आता त्यात भडगावचा तो न पाहिलेला माणूस येऊन बसला, जो दुसऱ्याची चूक स्वतःच्या माथी घेऊन माफी मागत होता. तिनंही त्या दिवशी जळकी आयसी पाहून आधी स्वतःलाच मूर्ख म्हटलं होतं.

त्या रविवारी ती अब्बांच्या शेजारी सुई घेऊन बसली. कागदाची घडी घालून एका वेळी चार-चार आकृत्या टोचू लागली. अकरा पत्रांना अकरा खाके. सोबत चिठ्ठी : पट्टीच्या पुढून सुलटा ठेवा, मागून पालथा. खाली कोपऱ्यात तिनं बारीक नाव टोचलं.

अब्बा चष्म्यावरून बघत होते. "खाके पे नाम किसका रहता, बेटा? हम कारागीर लोग."

"म्हणूनच तुमचं नाव कुणाला माहीत नाही, अब्बा," ती फटकन म्हणाली. "साडीवर दुकानाचं लेबल लागतं."

चांदभाई पुन्हा चौकटीवर वाकले. त्यांची सुई चार-सहा टाके पुढे गेली. मग कापडावरची नजर न उचलता ते म्हणाले, "तेरी उमर में मैंने भी डाला था. पदर के कोने में, छोटासा चाँद. सेठ ने किनार मुडवा के अंदर दबा दिया." त्यांनी दातानं दोरा तोडला. "कोने में मत डाल. कोना कट जाता है. बीच में डाल, जहाँ काटेंगे तो नक्षी बिगड़ेगी."

साबेरानं कागद उचलला. आकृतीच्या मधोमध, आयसीच्या पायांच्या दोन रांगांमध्ये, रिकामी जागा होती. तिथे तिनं ठळक टोचलं, 'साबेरा'. कागद पालथा घातला, तर नाव उलटं झालं. सोबतच्या चिठ्ठीत तिनं एकच ओळ वाढवली : 'नाव सुलट वाचता आलं तर तुम्ही पुढच्या बाजूला आहात. नाव उलटं दिसेल तेव्हाच सोल्डर करा.'

महिन्याभरात पत्रं येऊ लागली, आता थेट तिच्या पत्त्यावर. वनानं लिहिलं, 'साबेरा उलटी दिसली, सोल्डर केले, आकडे लागले. गल्ली गोळा झाली.' चोपड्याच्या मास्तरांनी आणखी सहा खाके मागवले. ज्यांनी पुस्तिका घेतली ते एकमेकांना विचारू लागले, साबेरा आहे का तुझ्याकडे?

संक्रांतीच्या आधी लीलाधर सर इन्स्टिट्यूटमध्ये आले. वर्ग भरलेला, तीस यंत्रांचा कडकडाट. ते तिच्या टेबलापाशी बसले.

"दुसरी आवृत्ती काढतोय. ते पान लागेल."

"लेखकांत नाव?"

"पहिल्या आवृत्तीत नसलेलं नाव दुसरीत कसं घालणार? लोक काय म्हणतील?"

"पहिल्या आवृत्तीत नसलेलं पान दुसरीत घालताय, तेव्हा लोक काय म्हणतील?"

सरांनी खुर्ची पुढे ओढली. "आकृती मला काढता येत नाही असं वाटतं का तुला?"

"काढा. मधे तुमचं नाव घाला. मग पत्रं येतील तेव्हा सांगा लोकांना, की साबेरा का दिसत नाही."

तिनं यंत्रातली रिबन बाजूला केली, कोरं स्टेन्सिल चढवलं. "मुखपृष्ठ आत्ताच कापते. तुम्ही सांगा, मी टाइप करते."

सरांनी इकडेतिकडे पाहिलं. पुढच्या रांगेतल्या दोन मुलींचे हात थांबले होते. "आपला संगणक आपणच जोडा," ते म्हणाले. तिनं टाइप केलं. "लेखक. प्राध्यापक लीलाधर." केलं. "श्री. झुलाल." केलं. "आणि विशेष सहाय्य..."

कळा वाजल्या नाहीत. तिची बोटं कळांवर टेकलेली होती, दाबत नव्हती. आणखी दोन यंत्रं थांबली, मग आणखी चार. सरांनी घसा साफ केला.

"आणि... साबेरा."

"पूर्ण सांगा."

"साबेरा चांद पिंजारी."

तिनं एकेक कळ अलगद दाबली. कागद काढला, खिडकीच्या उजेडात धरला. 'ब'चं पोट शाबूत होतं. मग पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेला मेणकागद काढून तिनं मुखपृष्ठावर ठेवला.

"झालं ना आता समाधान?" सरांनी विचारलं.

"नाही," साबेरा म्हणाली. "प्रस्तावना आणा. त्यातलं एक वाक्य काढायचंय."