बरबड्याची भाकर

त्या दुपारी आम्ही दोघांनी दार लावून बरबड्याची भाकर खाल्ली. बायकोसंगं केलेलं शेवटचं काम तेच.

सरकारच्या सक्तीच्या लेव्हीत जोंधळा घातल्यावर घरात उरला तो होळीपर्यंतबी पुरला नाय. बरबडा म्हणजे बांधावरचं तण. कुणी पेरत नाय, कुणी राखत नाय. ती त्याचं बी झोडून आणायची, धुवायची, भाजून जात्यावर दळायची. त्यात मूठभर जोंधळ्याचं पीठ घातलं की भाकर थापता येई. काळी व्हायची, पण पोट भरायचं. रोप मात्र उपटू द्यायची नाय. थोडं बी बांधावरच उधळायची. म्हणायची, पुढल्या साली कुणाला तरी लागंल.

मला त्या भाकरीची लाज वाटायची. करमाडच्या बाजारात मेंढ्या विकणारा माणूस मी. तण खातो हे गल्लीला दिसू नये म्हणून आधी कडी घालायचो. चुलीचा धूर आतच कोंडायचा.

"दार लावल्यानं भाकर पांढरी व्हती का?" त्या दुपारी ती डोळे पुसत म्हणाली.

"गप खा."

तिनं खाल्लं. ताटल्या घासल्या, भिंतीला टेकून बसली, ती तशीच गेली.

तिन्हीसांजेला माती करून आलो. मयताच्या घरी चूल पेटत नाय, म्हणून शेजारणीनं कडवा घास आणला. पाटीवरचं फडकं काढलं, तर भाकर काळी.

शेजारीण खाली बघत म्हणाली, "मामा, जोंधळ्याच्या पिठासाठी समदी गल्ली फिरले. कुणाकडंच नाय."

"तुमीबी हेच खाता?"

"समदेच खातेत."

"कवा दिसलं नाय ते."

"दार लावूनच खातो की. तुमच्यासारखं वडीलधारं माणूस कडी घालतं, मंग आमाला लाज नको व्हय?"

हातातला घास पाटीत ठेवला. ज्यांच्यापासून लपवायला मी तिला धुरात बसवलं, ती माणसं भिंतीपल्याड तेच चावत होती. हे ऐकून ती लई हसली असती.

दुसऱ्या दिवशी सकाळी दार सताड उघडलं. तिच्या मडक्यातलं बी काढून गल्लीत, उंबऱ्याबाहेर घेऊन बसलो. पण ते कसं धुवायचं हे मी तिला कधी विचारलंच नव्हतं. मग शेजारणीला हाक मारली, समद्या गल्लीला ऐकू जाईल अशी.

"पोरी, बरबडा किती पाण्यानं धुवायचा गं?"