ऑब्रीला आता मासा चुकत नाही

ऑब्री टिंडेल जन्मभर मासे घालवत आला होता, आणि त्या उन्हाळ्यात त्याचा एकही मासा सुटेना. लायलला हे काही केल्या पचत नव्हतं. का पचावं? तीस वर्षं दोघं एकाच होडीत बसून एकाच खाडीत गळ टाकत होते, आणि दोघांनाही मासे सारखेच हुलकावण्या देत होते. मैत्री टिकली ती त्यावरच.

पाण्यावरून ओढायचं आमिष म्हणजे माणसाच्या धीराची परीक्षा. करंगळीएवढी प्लास्टिकची कांडी असते. गळाच्या काठीच्या टोकाने टिचक्या देत आणली की ती डावी-उजवीकडे डोकं मारत येते, जीव घेऊन पळणाऱ्या कोळंबीसारखी. मागे मुडदुशी लागतात, झडप घालतात, पाणी उसळतं. आणि तिथेच सगळे फसतात. पाणी उसळलं की हात आपसूक वर जातो. माशाने अजून तोंडात घेतलेलं नसतं, कांडी सुटून येते आणि तुमच्याच टोपीत रुतते. खरं म्हणजे त्या फटक्याकडे लक्षच द्यायचं नाही. टिचक्या चालू ठेवायच्या, आणि हाताला वजन लागलं की मगच काठी उचलायची. सांगायला फार सोपं आहे.

ऑब्रीला तर ते कधीच जमलं नव्हतं. उतावळा गडी. रस्त्याच्या कामावर रोलर चालवण्यात उभी हयात गेली, पण डांबर निवायच्या आत त्यावर पाय देऊन बघणारा. लग्न केलं नाही, कारण विचारल्यावर बाई उत्तर देईपर्यंत तो निघून गेलेला असायचा. मनाने मात्र सोनं. लायलला फीट आली आणि डॉक्टरांनी त्याचं लायसन्स काढून घेतलं, तेव्हा लायलची बायको मेरिल हिला आठवड्यातून तीनदा डायलिसिसला कोण नेणार, हा प्रश्न उभा राहिला. हॉस्पिटलची व्हॅन पहाटे निघते, गावोगाव फिरते, आणि येताना माणसाला ओकायला लावत घरी पोहोचवते. ऑब्री म्हणाला, "व्हॅन कशाला? मी काय मेलोय?" तेव्हापासून तोच नेत होता.

तर त्या शनिवारी ओहोटी लागली होती. तिवरांच्या कडेने ऑब्रीने कांडी टाकली आणि टिकटिक आणू लागला. मान जरा वाकडी करून बसायची त्याला हल्ली सवय लागली होती. लायलला वाटायचं, म्हातारपणी मान आखडली असेल. कांडीमागे पाणी उसळलं. लायलचा हात रिकामाच वर गेला. ऑब्री ढिम्म. पुन्हा उसळलं, तरी टिचक्या चालूच. मग काठी वाकली आणि हातभर मुडदुशी होडीत आली.

"बस झालं," लायल म्हणाला. "काय करतोस ते सांग. नाहीतर हा चहा खाडीत ओततो."

"सांगतो की. पण तुला जमायचं नाही."

"का, मी काय लुळा आहे?"

"तुला दिसतं ना, म्हणून." ऑब्री मजेत हसला. "तू पाणी उसळलेलं बघतोस आणि खेचतोस. मीही तेच करायचो. आता मला कांडी दिसतच नाही. सरळ बघितलं की मधोमध करडा डाग येतो, बशीएवढा. फटक्याचा आवाज येतो, पण नेमका कुठे ते कळत नाही. मग काय, हाताला वजन लागेस्तोवर गप्प बसतो. इतकी वर्षं उगाच डोळे वापरत होतो बघ."

लायलच्या हातातला कप तसाच राहिला.

"कधीपासून?"

"ईस्टरपासून असेल. कडेचं सगळं दिसतं. तुझे कान दिसतात, तोंड नाही. बरंच आहे म्हणा ते."

"आणि गाडी, ऑब्री? गाडी कशी चालवतोस?"

"कडेची पांढरी पट्टी दिसते ना. ती धरून जायचं. तो रस्ता मीच केलाय, एकेक वळण तोंडपाठ आहे मला."

"डॉक्टरला दाखवलंस?"

यावर मात्र ऑब्री हसला नाही. "तुझं काय झालं ते बघितलं मी. लायसन्स गेलं आणि वर्षभर खिडकीत बसून होतास. मला खिडकीत कोण चहा आणून देणार?"

परतताना होडी ऑब्रीनेच हाकली, कालवांच्या शेतीच्या खांबांमधून, एकाही खांबाला न घासता. लायलने दोन्ही हातांनी कड घट्ट धरली होती. इतके महिने हा माणूस माझ्या बायकोला घेऊन हॉस्पिटलच्या वाटेवरच्या घाटातून जात होता, लाकडाचे ट्रक समोरून येत होते, आणि मी घरात बसून रेडिओ ऐकत होतो. दुसरं काही त्याच्या डोक्यात येईना.

घरी मेरिल वाटाणे सोलत होती. लायलने उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. तिचे हात थांबले नाहीत.

"मला माहीत आहे," ती म्हणाली.

लायल खुर्चीत बसला. तिथे खुर्ची होती हे नशीब.

"मी शेजारीच बसते ना. ट्रक आला की ट्रक म्हणते, सिग्नल लाल झाला की लाल म्हणते. सांगितलं की ऐकतो तो. तुझ्यासारखा नाही."

"मेरिल, तुला वेड लागलंय का?"

"त्या व्हॅनमधून आले की दोन दिवस मला उठवत नाही. आणि त्याला नको म्हटलं तर त्याच्याकडे उरतं काय?" मग जरा हळू म्हणाली, "माणूस आडवा आला तर दिसतो त्याला. तसं त्याने मला शपथेवर सांगितलंय."

सोमवारी सकाळी लायल फाटकाबाहेर गल्लीत जाऊन उभा राहिला. त्याने ठरवलं होतं, गाडी इथेच थांबवायची, मेरिल बाहेर यायच्या आत, आणि मित्राला शांतपणे सांगायचं की आजपासून बंद. शब्दसुद्धा जुळवून ठेवले होते. मेरिल डबा घेऊन पायरीवर आलीच होती.

ऑब्रीची पांढरी गाडी वळणावरून आली, सावकाश, कडेला अगदी नीट धरून. लायलने रस्त्याच्या मधोमध हात वर केला. लख्ख ऊन होतं, अंगात लाल स्वेटर होता. काचेतून ऑब्रीचा चेहरा सरळ त्याच्याकडे बघत होता. आता थांबेल, लायलला वाटलं. आता थांबेल. गाडी थांबली नाही. तिचा वेगही कमी झाला नाही. मेरिल पायरीवर होती, आणि गाडीत ट्रक म्हणायला कोणी नव्हतं.

शेवटच्या क्षणी लायलने अंग बाजूला टाकलं. आरसा त्याच्या कोपराला घासून गेला आणि तो हायड्रेंजियाच्या झुडपात बसला. गाडी पुढे जाऊन फाटकापाशी थांबली, रोज थांबायची अगदी त्याच जागी.

ऑब्री उतरला. "मेरिल, झालीस का तयार? आणि आपले साहेब कुठायत? झोपलेत का अजून?"

मेरिलचा डबा पायरीवर पडला होता आणि सँडविच विखुरली होती. झुडूप हललं तसा ऑब्री वळला, आणि मान वाकडी करून, कडेच्या नजरेने शोधत शोधत त्याने लायलला गाठलं. लाल स्वेटर, केसांत पाकळ्या, हात अजून अर्धवट वर.

ऑब्रीच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला.

"तू तिथे कधी आलास?"

"मी रस्त्यातच होतो," लायल म्हणाला. "तुझ्यासमोर. पहिल्यापासून."

ऑब्रीने मागे वळून रस्त्याकडे बघितलं, सरळ, जिथे त्याला काहीच दिसत नव्हतं. मग खिशात घातलेली किल्ली बाहेर काढली आणि मेरिलपुढे धरली. मेरिलने ती घेतली. ती घरात गेली आणि तिने व्हॅनसाठी फोन लावला.