अखंड साहेबांचं मशीन

मी नोकरीला होते त्याच बँकेच्या ऑफिसात माझ्या भावोजींना सगळे 'अखंड साहेब' म्हणायचे. त्यांच्या हाताखाली बँकेचं सगळे हिशेब सांभाळणारं मोठं मशीन, मेनफ्रेम, एकदाही बंद पडलं नव्हतं, आणि हे ते कुणी न विचारताच ऐकवायचे. ताईकडे जेवायला गेलं की पहिल्या घासाआधी हेच. मला अक्षरशः शिसारी यायची.

त्यांना रिटायर व्हायला महिना उरला आणि डिस्कचं जुनं कपाट कुरकुरायला लागलं. मशीन ज्यांच्या जोरावर चालतं त्या सिस्टिम डिस्कच त्यात. भावोजींनी नव्या कपाटात त्यांची नक्कल उतरवली आणि भर दुपारी, काउंटरवर रांगा लागलेल्या असताना, सगळं काम नव्या डिस्कवर वळवलं. एका कारकुनाचा स्क्रीनही लुकलुकला नाही. खोटं कशाला बोलू, काम झकास झालं.

पण मशीन बंद करून चालू केलं की ते आत नोंदवलेल्या क्रमांकाच्या डिस्कवरून उठतं. डिस्क बदलली की तो क्रमांकही बदलावा लागतो.

"भावोजी, जुनं कपाट भंगारात द्यायच्या आधी एकदा बंद-चालू करून बघूया ना."

"क्रमांक बदललाय मी. जाता जाता माझ्या नावाला काळं फासायचंय का तुला?"

"नुसतं तपासायचंय हो."

"मेहुणी आहेस, मेहुणीसारखी राहा."

शी! मशीनरूममध्ये नातं कशाला काढायचं? कपाट भंगारात गेलं. निरोप समारंभात 'अखंड' म्हणून टाळ्या पडल्या, ताईनेही वाजवल्या. आणि त्यांची खुर्ची माझ्या गळ्यात पडली.

माझी झोप उडाली. उद्या वीज गेली आणि मशीन उठलंच नाही तर? लोकांचे पगार, पेन्शन सगळं अडकणार आणि धरणार मलाच. सुट्टीच्या दिवशी मशीन बंद करायची परवानगी मागितली, तर मॅनेजर म्हणाले, "त्यांना कधी गरज पडली नाही हो." मी हट्टच धरला. शेवटी तोंड वाकडं करून त्यांनी सही केली.

रविवारी सकाळी मशीन बंद केलं. चालू केलं. ढिम्म! भंगारात गेलेल्या त्या डिस्कलाच शोधत बसलं होतं. म्हणजे क्रमांक बदललाच नव्हता. हा माणूस माझ्या तोंडावर धडधडीत खोटं बोलला होता, कशासाठी, तर टाळ्यांसाठी! नवा क्रमांक घातला आणि मशीन उठलं.

तेवढ्यात फोन वाजला. भावोजी. मॅनेजरांनी कळवलं असणार.

"ऐकलं मी," आवाजात नुसता मध. "आल्या आल्या बंद पाडलंस ना?"

मी क्रमांकाचं सांगायला तोंड उघडलं, तर मागून ताईचा आवाज आला.

"जाऊ द्या हो, नवीन आहे ती. शिकेल हळूहळू."

मी फोन ठेवला आणि जाऊन साबणाने खसाखसा हात धुतले.