दहावा माणूस

माझे मोठे काका निवृत्त होऊन नांदेडला आमच्यात येईपर्यंत लातूरला शाळेत गणित शिकवायचे. फळ्यावर कुणाचा एक आकडा चुकला तर खडू फेकून मारायचे. त्यामुळे त्या दिवशी त्यांनी स्वतः घातलेला घोळ आठवला की मला अजून हसू आवरत नाही.

आम्ही ज्यू. नांदेड-लातूर मिळून आमची जेमतेम चार घरं. बोलायला मराठी आणि ताटात ज्वारीची भाकरी. प्रार्थनागृह नाही की धर्मगुरू नाही. शुक्रवारी संध्याकाळी काका प्रार्थना म्हणायचे, म्हणून तेच आमचे पुढारी. आता मुलांच्या मागोमाग ते आणि काकू इस्राएलला निघाले होते, कायमचे. "दोन हजार वर्षांनी घरी चाललोय," असं ते बसस्टँडवरच्या रसवंतीवाल्यालासुद्धा सांगून आले होते.

जायच्या आधी त्यांना एकच गोष्ट करायची होती: आजीसाठी कद्दिश म्हणायची. गेलेल्या माणसासाठीची ही प्रार्थना दहा पुरुष जमल्याशिवाय म्हणता येत नाही, आणि आजी गेल्यापासून नांदेडात आमचे दहा पुरुष कधी जमलेच नव्हते. सहा-सातावर गाडी अडायची. "आईचं तेवढं केल्याशिवाय तिला इथं सोडून कसा जाऊ मी?" असं ते पुन्हा पुन्हा म्हणायचे.

शेजारचे हेडमास्तर म्हणाले, "सर, पुण्याहून तुमची माणसं आणायला मी गाडी पाठवतो की."

"नको. देव पुरवील," काका ताठ मानेनं म्हणाले. नंतर मला बाजूला घेऊन म्हणतात, "पूर्वी बाबेलच्या कैदेतून आपली माणसं घरी निघाली ना, तेव्हा त्यांच्या शास्त्रीबुवांना वाटेसाठी राजाकडे शिपाई मागायची लाज वाटली. आमचा देव आम्हाला सांभाळतो, असं राजापुढं बोलून बसले होते. माझंही तसंच झालंय गं. मास्तरांपुढं लई बोलून बसलोय."

"धन्य आहे तुमची!" मी म्हटलं.

त्यांनी दहा जणांची यादी केली. माझे बाबा, भाऊ, नवरा, आणि बाकीचे लातूरचे नि पुण्याचे. निघायच्या आदल्या दुपारी एकेक जण आमच्याकडे जमायला लागला. मी आणि काकू स्वयंपाकघरात मलिदा करून राहिलो होतो. गूळ घातलेले भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, वेलची, वर फळं. आमच्यात कुठलंही चांगलं काम याशिवाय होत नाही. तेवढ्यात फोन आला. पुण्याचा आतेभाऊ तापानं फणफणला होता, येणार नव्हता.

काका दाराशी उभे राहून मोजायला लागले. आम्ही माणसं आकड्यांनी मोजत नाही, तसं मोजू नये म्हणतात. दहा शब्दांचं एक वचन आहे, एकेका माणसाकडे बघत त्यातला एकेक शब्द म्हणायचा. शेवटचा शब्द उरला. त्याचा अर्थ 'सदासर्वकाळ'. त्यांनी पुन्हा सगळं म्हटलं. पुन्हा तोच उरला.

"मी बसतो की सर," हेडमास्तर म्हणाले. "एक टोपी द्या फक्त. कोण बघून राहिलंय?"

सगळे हसले. काका मात्र मटकन खुर्चीत बसले. "त्या शास्त्रीबुवांनीही वाटेत माणसं तपासली तर मंदिराचा सेवेकरी एकही नाही. ते नदीकाठी थांबले, निरोप धाडले, मग माणसं आली. मी कसा थांबू? उद्या विमान आहे. देवानं मला आईपुढं तोंडघशी पाडलं." त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मला असा राग आला म्हणता! आतेभावाचा, त्याच्या तापाचा, देवाचासुद्धा.

काकू मलिद्याचं ताट घेऊन बाहेर आल्या.

"काय झालं?"

"एक कमी आहे."

काकूंनी सगळीकडे नजर फिरवली. ताट टेबलावर ठेवलं, कमरेवर हात ठेवले. "आणि तुम्ही कोण? का आधीच विमानात जाऊन बसलात?"

मग हेडमास्तर जे हसत सुटले, त्यांना पाणी द्यावं लागलं. इतकी वर्षं दहाच्या जवळपासही कधी गेलो नव्हतो, तर असं एकेकाला मोजायची वेळ आली होती कुणावर? काकांनी यादी केली ती दुसऱ्यांचीच. आणि गणिताचे सर मोजताहेत म्हटल्यावर आम्ही कशाला तपासतोय!

काकांनी स्वतःच्या छातीवर हात ठेवला आणि उरलेला शब्द म्हटला. मग बाबांचा हात धरला. दोघा भावांनी आजीची कद्दिश म्हटली, आणि मी दारात उभी राहून पदरानं डोळे पुसत हसत होते.

आता काका तिकडे असतात. तिथं माणसांना काय तोटा! तरी दर रविवारी त्यांचा फोन येतो आणि पहिला प्रश्न ठरलेला. "शुक्रवारी किती जमले?"

"सहा."

"मला धरून?"

"हाव काका," मी सांगते. "तुम्हाला धरून."