फळ्यावरची ओहोटी

खाडीकाठच्या आमच्या शाळेचे शिपाईमामा प्रत्येक वाक्यानंतर ‘काय?’ म्हणत, पण उत्तरासाठी कधी थांबत नसत. पंच्याऐंशी-शहाऐंशीची गोष्ट असेल. मी तेव्हा मुख्याध्यापक होतो. एका सभेत मी म्हटलं, “नेमून दिलेल्या कामापलीकडचं एक तरी काम प्रत्येकाने उचलावं.” शिक्षक घड्याळाकडे बघू लागले. चहा घेऊन आलेल्या मामांनी विचारलं, “शिपायानं पण, सर?”

“हो, तुम्हीसुद्धा.”

दुसऱ्या दिवशी बोटांच्या पेरांवर तिथी मोजून त्यांनी दारातल्या फळ्यावर लिहिलं, ‘आज पंचमी. दहाला ओहोटी. होडी गाळात रुतेल. खाडीपलीकडची पोरं उशिरा येतील. मारू नये.’

मग ते रोजच लिहू लागले. पोरांच्या हातांवरचे वळ थांबले. शाळा भरताना ओहोटी असेल त्या दिवशी पहिल्या तासाचं गणित मी दुसऱ्या तासाला नेऊ लागलो.

तपासणीला आलेले साहेब फळ्यापाशी थांबले. कपाळाला आठ्या घालून म्हणाले, “हे काम कोणाकडे दिलंय?”

मी तोंड उघडायच्या आत मामा म्हणाले, “कोणाकडेच नाय, साहेब. म्हणून तर मी करतो, काय?”

त्या दिवशी मात्र ते उत्तरासाठी थांबले. त्यांच्या शेजारी मीही ताठ उभा राहिलो.