ठेका मोडणाऱ्या गाणंमावशी

वॉर्डात सगळे त्यांना गाणंमावशी म्हणत. अर्धं आयुष्य शाळेत पोरांना गाणं शिकवण्यात गेलं आणि केस पिकायला लागल्यावर बाई संगीतोपचार शिकायला निघाल्या. नवरा म्हणाला, "आता आजाऱ्यांना सुरात खोकायला लावणार वाटतं!" मावशी हसल्या, पिशवीत डफ कोंबला, खांद्याला गिटार अडकवली आणि गेल्या. एकदा मनावर घेतलं की त्या कुणाचं ऐकायच्या नाहीत.

हा वॉर्ड खाण्याशीच वैर झालेल्या मुलामुलींचा. ताटासमोर बसल्यावर मन जरा हलकं व्हावं म्हणून जेवणाच्या वेळी मावशी हळू आवाजात गिटार वाजवत. एक मुलगी, वडील तिला धाकटी म्हणत, रोज सांगायची, "मावशी, कालचंच वाजवा ना. त्याच लयीत." मावशी खूश. पोरगी गाण्यात रमली म्हणायची!

वजन मात्र उतरतच होतं. शेवटी डॉक्टरांनी सांगून टाकलं, की आज दुपारीही ती जेवली नाही, तर उद्या नाकातून नळी.

त्या दुपारी मावशींनी तारांऐवजी धाकटीकडे पाहिलं. तिचा जबडा ठेक्यावर हलत होता. टेबलाखाली टाचही. एकेक कण ती अख्खं कडवं संपेपर्यंत चावत होती. इतके दिवस त्या दुखण्यालाच साथ देत होत्या!

त्यांनी लय सोडली. एक सूर लांबवला, दुसरा मध्येच तोडला.

"असं काय वाजवताय?"

"आज असंच."

"पण मला मोजता येत नाहीये!" धाकटी ओरडली.

मावशींनी डफ तिच्यापुढे सरकवला. "मोजणं थांबलं की डोक्यात जे सुरू होतं ना, ते वाजव."

"फुटेल."

"फुटू दे. माझाच आहे."

आधी बोटं, मग दोन्ही तळवे. धाकटीने डफ असा बडवला की सिस्टर धावत आली. "अहो, पलीकडचे पेशंट उठून बसले!"

"बरं झालं, जेवतील तरी."

धाकटीला हसू फुटलं आणि पाठोपाठ रडू. "आतून कुणीतरी म्हणतं, खाल्लंस तर संपलीस."

"ते झालं त्याचं. तू काय म्हणतेस?"

बराच वेळ ती डफाची कडा चाचपत राहिली. "मला नळी नकोय."

ही काही भूक नव्हे, हे मावशींना कळत होतं. पण बोलणं तिचं स्वतःचं होतं. त्यांनी तेच घट्ट धरलं. "मग उचल चमचा. मी वेडंवाकडंच वाजवते."

धाकटीने सूप ओठांना लावलं आणि तोंड वाकडं केलं. "गार झालंय. सिस्टर, गरम करून द्याल?"

सिस्टर वाडगा घेऊन जवळजवळ पळालीच.

"आणि मावशी, माझ्याकडे बघायचं नाही हं."

मावशींनी खुर्ची भिंतीकडे फिरवली. मागे चमचा वाजला. बऱ्याच वेळाने पुन्हा एकदा. बोटं भरून आली, तरी त्या वाजवत राहिल्या. सिस्टर रिकामा वाडगा डॉक्टरांना दाखवायला घेऊन गेली, तेव्हा कुठे त्यांनी गिटार खाली ठेवली.