हाताला हळदकुंकू

“मॅडम, सोडतच नाहीये हा!”

घाटकोपरच्या आमच्या क्लिनिकच्या दारात संदेश उभा होता. कृत्रिम हाताने त्याने स्वतःच्याच सॅकचा पट्टा धरला होता आणि तो सुटत नव्हता. मागे त्याची आई. साडेअकरा वाजले होते. चारला त्याची प्रेसमध्ये ट्रायल. वाट लागली, मी मनात म्हटलं.

मी प्रोस्थेटिस्ट, म्हणजे कृत्रिम हातपाय बसवणारी. संदेशचा उजवा हात कोपराखाली कटिंग मशीनमध्ये गेला. मालकाने स्पष्ट सांगितलं होतं, “दोन्ही हातांनी कागदाचा गठ्ठा उचलून दाखव. जमलं तर बाइंडिंगला ये, नाहीतर गेटवर बस.” बारा वर्षं कामात मुरलेला कारागीर तो. गेटवर बसायच्या नुसत्या विचाराने त्याची झोप उडाली होती.

बायोनिक हात म्हटलं की लोकांना सिनेमा आठवतो. प्रकरण त्यामानाने साधं आहे. पंजा गेला तरी वरचे स्नायू राहतात. मूठ वळायचं मनात आणलं की ते आवळतात आणि कातडीवर अगदी बारीकशी वीज उमटते. उरलेला हात ज्या कडक खोबणीत बसतो ते सॉकेट. त्याच्या आत दोन सेन्सर असतात, कातडीला टेकणारी धातूची बटणं. एकाने मूठ मिटते, दुसऱ्याने उघडते. बाकी काम मोटरचं. हे जमवायला संदेशने तीन महिने घाम गाळला होता. खरोखरचा घाम, कारण सॉकेटमध्ये वारा शिरत नाही.

हात उतरवला. बॅटरी फुल. लॅपटॉपला जोडला, तर उघडायचा सिग्नल सपाट.

“पडला का?”

“नाही.”

“पाण्यात घातलास?”

“नाही.”

“तेल? पावडर?”

“नाही हो. मागे तुम्ही केवढ्या ओरडला होतात!”

“मग केलंस काय?”

“काय पण नाही केलं, आईशप्पथ!”

कंपनीच्या इंजिनियरला फोन लावला. तो शांतपणे म्हणाला, “सर्व्हिसला पाठवा, दहा दिवसांत देतो.” मी फोन आपटला. इथे चार तास हातात नाहीत आणि हा दहा दिवस सांगतोय!

शेवटी टॉर्च घेऊन सॉकेटमध्ये डोकावले. आत लालपिवळं. एका बटणाच्या कडेला तांदळाचा दाणा अडकलेला.

“संदेश, हे काय आहे?”

“परवा खंडेनवमी होती ना. आईने पूजा केली.”

“आणि तू म्हणतोस काही नाही केलं?”

“पूजा म्हणजे काय करणं थोडंच असतं मॅडम?”

मी कपाळावर हात मारला. त्याचे आजोबा गिरणीत होते. खंडेनवमीला घरातल्या हत्यारांची पूजा व्हायचीच. आईने ओल्या बोटाने नेमकी ती दोन चकचकीत बटणं शोधून त्यांच्यावर हळदकुंकवाचा जाड थर दिला होता. वर अक्षता.

“अहो काकू, मशीन आहे ती! आत कशाला लावलंत?”

त्या जराही दबल्या नाहीत. मालवणीत म्हणाल्या, “मशीन तुमची. माज्या झिलाचो हात आसा तो. पूजा करूक नको?”

डोळे भरले त्यांचे, आणि माझा पारा उतरला. बटणं स्पिरिटने पुसली. तरी त्यातलं एक चालेना, म्हणून जुन्या डेमो हातातला सेन्सर काढून बसवला. दोन वाजता मूठ उघडली. जेवण राहिलं ते राहिलंच.

पाचला फोन आला. “मॅडम, झालं! सोमवारपासून बाइंडिंगला. सेठने स्वतः शेकहँड केला.”

“कुठल्या हाताने?”

“याच की. मी पण खूश होऊन दाबला.”

“किती दाबलास?”

“मला काय कळतंय? खोट्या हाताला लागतं थोडंच! तो बोंबलला तेव्हा सोडला.”

पेशंटला द्यायच्या सूचनांच्या कागदावर मी दुसऱ्याच दिवशी दोन ओळी वाढवल्या. पूजा बाहेरून करावी. मालकाला नमस्कार करावा.